कॉलेजजवळचा डाइव्ह बार : अमेरिकेत पहिल्यांदा जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ऑगस्टमध्ये एमएसची नवी बॅच अमेरिकेत उतरते. पहिले दोन आठवडे बँकेचं खातं, सिम कार्ड, तांदळाची गोणी आणि फोडणीच्या धुराने वाजलेला फायर अलार्म यांत जातात. तिसऱ्या आठवड्यात लॅबमधलं कुणीतरी सहज म्हणतं, शुक्रवारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये जमतोय, ये. मग मला फोन सुरू होतात. तीच तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून इथं एकदाच लिहून ठेवतोय.

डाइव्ह बार म्हणजे नेमका कसला बार?

स्वस्त, जुना, अंधारा, आणि आपण चकचकीत नाही याची अजिबात लाज नसलेला. खिडकीत बिअरची निऑन पाटी, तिच्यातलं एखादं अक्षर विझलेलं. जमीन चपलेला किंचित चिकटते. एका कोपऱ्यात पूल टेबल, भिंतीवर पैसे टाकून गाणी लावायचा ज्यूकबॉक्स, काउंटरच्या टोकाला रोजचे दोन म्हातारे. मेन्यू कार्ड असेलच असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी वर्तमानपत्रं बदनाम अड्ड्यांना 'डाइव्ह' म्हणायची. हे अड्डे बहुधा तळघरात असत, बुडी मारल्यासारखं रस्त्यावरून खाली उतरावं लागे. तेव्हाची शिवी आता कौतुकाची झाली आहे. तरी बारटेंडरच्या तोंडावर 'मस्त डाइव्ह आहे हां तुमचा' म्हणू नका. आपल्या घराला आपण खुराडं म्हणावं, पाहुण्याने नाही.

म्हणजे आपल्याकडच्या परमिट रूमसारखंच ना?

अंधार तेवढा सारखा. परमिट रूममध्ये आपण आपल्या टेबलावर, आपल्या माणसांत बसतो. शेजारच्या टेबलाकडे बघायचंही नसतं. डाइव्ह बारचं सगळं जगणं काउंटरवर चालतं. तिथं शेजारच्या स्टुलावरचा अनोळखी माणूस कालच्या मॅचबद्दल काहीतरी बोलतो आणि अर्ध्या तासात तुम्हाला त्याच्या घटस्फोटाची हकीकत ठाऊक झालेली असते. त्यामुळे मला तुलना सुचते ती कट्ट्याची. कट्टा कुणाच्या मालकीचा नसतो, पण कुणाचा तरी असतोच. नव्या माणसाने तिथं कसं जावं हे पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात वाढलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही: जरा कडेला बसायचं, आधी ऐकायचं, आवाज बेताचा ठेवायचा. खालची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

वय किती लागतं? आणि ते इतकं काटेकोर का?

२१ पूर्ण. २० वर्षं अकरा महिने चालत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण 'मतदान १८ला आणि बिअर २१ला?' हा वाद प्रत्येक बॅचमध्ये होतो. १९३३ साली देशव्यापी दारूबंदी उठली तेव्हा दारूचे नियम राज्यांच्या हाती गेले. १९७१मध्ये मतदानाचं वय १८वर आलं, त्यानंतर अनेक राज्यांनी पिण्याचं वयही खाली आणलं. तरुणांचे गाडीचे अपघात वाढले. मग १९८४मध्ये केंद्राने कायदा केला: वय २१ करा, नाहीतर महामार्गांच्या निधीतला काही भाग कापतो. साउथ डकोटा सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७मध्ये हरलं. १९८८पर्यंत सगळी राज्यं २१वर आली. म्हणजे हा नियम नैतिकतेपेक्षा रस्त्यांच्या पैशांवर उभा आहे.

आपण फार हसू नये. महाराष्ट्रात हार्ड लिकरचं वय २५ आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना लागतो. फरक एवढाच की अमेरिकेत दारावर खरंच विचारतात.

ओळखपत्र म्हणून काय न्यायचं?

पासपोर्ट, मूळ प्रत. फोनमधला फोटो चालत नाही, कॉलेजचं आयडी चालत नाही, आणि भारतातलं लायसन्स दाखवलंत तर बाउन्सर ते टॉर्चखाली उलटंपालटं करून परत देतो. पण दर शुक्रवारी पासपोर्ट खिशात घेऊन फिरणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. माझ्या एका रूममेटने तो बारमध्ये विसरला. परत मिळाला, पण मधली रात्र कशी गेली ते त्याला विचारा. म्हणून राज्याचं लायसन्स किंवा स्टेट आयडी लवकरात लवकर काढा.

आणखी एक बारीक घोळ. भारतीय पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना. अमेरिकन माणूस आधी महिना वाचतो. तुमचा जन्म ११ मेचा असेल तर तो ५ नोव्हेंबर वाचणार, आणि नुकतेच २१चे झाला असाल तर हिशेब चुकणार. शांतपणे दाखवून द्या, हुज्जत घालू नका. केस पांढरे झाले तरी आयडी मागतात, त्यात अपमान काही नाही.

दुसऱ्याचं आयडी किंवा खोटं आयडी घेऊन जाऊ नका. 'सगळे करतात' हे तुमच्या अमेरिकन वर्गमित्राच्या बाबतीत खरं असेलही. त्याला दंड होऊन भागेल. तुमच्यामागे व्हिसा आहे.

आत गेल्यावर कुठं बसायचं? ऑर्डर कुणाला द्यायची?

दारात 'बसवतील' म्हणून ताटकळू नका, कुणी बसवत नाही. दोघंतिघं असाल तर काउंटरवर, जास्त असाल तर टेबल धरा आणि ऑर्डर द्यायला काउंटरवर जा. स्टुलासमोर अर्धा ग्लास असेल आणि त्यावर कोस्टर, म्हणजे ग्लासाखालची चकती, ठेवलेला असेल तर माणूस बाहेर किंवा बाथरूमला गेला आहे, ती जागा त्याची. काही स्टुलं तर कोस्टरशिवायही राखीव असतात. मी पहिल्याच संध्याकाळी अशा एका स्टुलावर बसलो. कुणी काही बोललं नाही, फक्त सगळे अधूनमधून माझ्याकडे आणि दाराकडे बघत होते. सहाला एक गृहस्थ आले, माझ्या मागे उभे राहिले. मग समजलं.

बारटेंडरला 'बॉस' म्हणून हाक मारणं, टिचकी वाजवणं, नोट हलवणं, सगळं वर्ज्य. काउंटरशी उभं राहा, नजरानजर होऊ द्या. कोण आधी आलं हे त्याला किंवा तिला पक्कं माहीत असतं. आणि तुमची पाळी येईल तेव्हा ठरलेलं असू द्या. पाच जणांच्या घोळक्याने पाळी आल्यावर 'तू काय घेणार रे?' सुरू करणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. मागची रांग तेव्हा छताकडे बघत असते.

काय मागवायचं? 'पेग' कळतो का?

नाही कळत. इथं मोजमाप शॉटचं: साधारण दीड औंस, म्हणजे ४४ मिली. आपल्या छोट्या पेगच्या ३० आणि मोठ्याच्या ६०च्या मधलं. त्यातही डाइव्ह बारमध्ये पुष्कळदा मापाशिवाय हाताने ओततात, आणि हात सैल असतो. 'दोनच घेतले' हा हिशेब म्हणून फसवा.

शब्दांचे आणखी गोंधळ आहेत. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली. इथं पाइंट म्हणजे १६ औंसांचा ग्लास, ४७३ मिली. कॅन १२ औंसांचा, ३५५ मिली. पिचरमध्ये साधारण चार पाइंट मावतात. 'सोडा' मागितलात तर कोणता कोला हवा ते विचारतील, आपला सोडा हवा असेल तर 'क्लब सोडा' म्हणा. आणि 'क्वार्टर' हा शब्द ऐकून कान टवकारू नका, ते पंचवीस सेंटचं नाणं आहे.

'वेल ड्रिंक' म्हणजे काउंटरखाली हाताशी ठेवलेल्या स्वस्त बाटल्यांतलं. ब्रँडचं नाव न घेता 'रम अँड कोक' म्हणालात की तेच येतं. ब्रँड सांगितला की दर वाढतो. बिअरमध्ये पाब्स्ट ब्लू रिबन, म्हणजे सगळे म्हणतात ती पीबीआर, डाइव्ह बारची जवळजवळ अधिकृत बिअर झाली आहे. चव साधीच, पण कुणी नाक मुरडत नाही. पुदिना चेचून, फेस आणून करायची कॉकटेल्स इथं मागू नका. नसतील म्हणून नाही, तर शुक्रवारी रात्री एकटा माणूस साठ जणांना वाढत असतो म्हणून.

मी पीत नाही. गेलं तर चालेल का?

चालेल काय, धावेल. कोक, जिंजर एल किंवा क्लब सोड्यात लिंबाची फोड घ्या. हातात ग्लास असला की कुणी विचारत नाही. गटाची गाडी चालवणारा तुम्हीच असाल तर तसं सांगा, पुष्कळ ठिकाणी सोड्याचे पैसेच घेत नाहीत. टिप मात्र ठेवा. चतुर्थी आहे, श्रावण आहे, नको वाटतंय, कारण द्यायची गरज नाही. खरं सांगायचं तर आग्रह अमेरिकन कमी करतात, आपलेच जास्त करतात.

वय २१च्या आत असेल तर आधी विचारून घ्या. काही बार मुळात आत घेत नाहीत, काही रात्री ठरावीक वेळेपर्यंत घेतात आणि हातावर काळ्या मार्करने फुली मारतात.

टिप किती? आणि का?

बिअर किंवा शॉट असेल तर ग्लासामागे एक डॉलर. टॅब, म्हणजे रात्रीचं एकूण बिल, मोठा झाला तर १५ ते २० टक्के. यावर 'आम्ही विद्यार्थी आहोत' हे उत्तर चालत नाही, कारण वाढणारीही बहुधा विद्यार्थिनीच असते.

का, तेही ऐका. केंद्राच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोखीने द्यायचं किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१पासून हललेला नाही. उरलेलं टिपमधून भरून निघावं अशी रचना आहे. नाही निघालं तर फरक मालकाने द्यायचा असतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण टिपची रीत तिथंही तीच. पद्धत चांगली की वाईट यावर मी तासभर बोलू शकतो. पण ती बदलायची जागा बारटेंडरचा खिसा ही नाही.

आपल्या लोकांची या बाबतीतली ख्याती काही ठिकाणी आधीच पोहोचलेली असते. पहिल्या ग्लासाला नीट टिप ठेवली की दुसऱ्या वेळी नजर लवकर पडते, हा अनुभव आहे.

टॅब म्हणजे काय? आणि टीटीएमएम करता येतं का?

टॅब म्हणजे उधारी नव्हे, रात्रीपुरतं खातं. कार्ड दिलं की ते 'उघडतं', निघताना 'बंद' करायचं. पावतीवर टिपची ओळ रिकामी असते; आकडा लिहायचा, बेरीज करायची, सही करायची. खात्यातून आधी टिपशिवायची रक्कम जाते, दोनतीन दिवसांनी ती टिपसकट सुधारते, तेव्हा घाबरून बँकेला फोन करू नका. टॅब बंद न करता घरी गेलात तर कार्ड तिथंच राहतं, आणि काही बार टिप परस्पर लावून मोकळे होतात.

काही जुने बार फक्त रोख घेतात. कोपऱ्यात एटीएम असतं, पण त्याचं शुल्क बघून वाटतं यात अजून एक बिअर आली असती. वीसेक डॉलर सुट्टे बरोबर ठेवा.

तुझं तू माझं मी करायचं असेल तर प्रत्येकाने पहिल्यापासून वेगळा टॅब उघडावा. शेवटी आठ कार्डं पुढे करून 'याच्यातले फ्राइज माझे नव्हते' हा प्रकार नको. दुसरी रीत राउंडची: एकदा एकाने सगळ्यांना पाजायचं, पुढची पाळी दुसऱ्याची. तुम्ही कुणाच्या राउंडमध्ये प्यायलात तर तुमची पाळी आल्याशिवाय सटकणं फार वाईट दिसतं. लोक बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

शाकाहारी माणसाने चकणा म्हणून काय खायचं?

पॉपकॉर्न, शेंगदाणे, प्रेट्झेल. फ्राइज आणि तळलेली काकडीची लोणची मिळतात, पण बहुधा त्याच तेलात कोंबडीचे विंग्ज तळलेले असतात. चालत नसेल तर विचारा. नाचोजवरच्या 'चिली'त बहुतेकदा गोमांसाचा खिमा असतो, ती मिरची समजून फसलेले मला माहीत आहेत. सरळ उपाय म्हणजे घरून वरणभात जेवून जाणं. रिकाम्या पोटी जाऊ नये हे तसंही खरंच.

पूल टेबलाचे नियम काय?

यात सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून नीट सांगतो. टेबल चालू असेल तर कडेच्या लाकडावर आपलं क्वार्टर ठेवायचं किंवा फळ्यावर नाव लिहायचं. तोच तुमचा नंबर. जिंकणारा टेबलावर राहतो, आव्हान देणारा पैसे भरतो आणि चेंडू लावतो. खेळ बहुधा एट-बॉल. पण प्रत्येक बारचे 'घरचे नियम' वेगळे असतात: काळा चेंडू कुठल्या पॉकेटमध्ये जाणार ते आधी सांगायचं का, पांढरा आत गेला तर कुठून खेळायचं. सुरू करण्याआधी विचारलं की वाद मिटतो. कॅरममध्ये कितीही हात बसलेला असो, टेबलावरचा म्हातारा हरवतोच. दुसऱ्याचा नेम चाललेला असताना त्याच्या डोळ्यासमोर उभं राहू नका. आणि ग्लास टेबलाच्या कापडावर? कधीच नाही.

ज्यूकबॉक्सवर आपली गाणी लावली तर?

एखादं लावा, गंमत येते. आताचे ज्यूकबॉक्स इंटरनेटवर चालतात, त्यामुळे सापडतात पुष्कळ. ओळीने सहा लावलीत आणि कोपऱ्यात गोल करून नाचायला लागलात की कट्टा हिसकावल्यासारखं होतं.

बारटेंडरने मित्राला द्यायला नकार दिला. वर्णद्वेष आहे का?

असूही शकतो, पण आधी मित्राकडे बघा. बहुतेक राज्यांत असा कायदा आहे की उघड झिंगलेल्या माणसाला आणखी वाढलं आणि त्याने पुढे कुणाला इजा केली तर बारवर दावा लागू शकतो. म्हणून बारटेंडर पाणी पुढे करतो आणि 'आज बस' म्हणतो. त्यावर वाद घातला की 'एटी-सिक्स' होतात, म्हणजे बाहेर, कधीकधी कायमचं. पाणी फुकट असतं, प्रत्येक ग्लासामागे एक प्या. शरीर तासाला साधारण एका ड्रिंकचा निचरा करतं. कॉफीने, लिंबाने, थंड पाण्याच्या अंघोळीने तो वेग वाढत नाही.

मुलींनी एकटीनं जावं का?

हे मी माझ्या अनुभवावरून सांगू शकत नाही, म्हणून बॅचमधल्या मैत्रिणींना विचारलं. त्यांचं म्हणणं असं: पहिल्यांदा दिवसाउजेडी किंवा ओळखीच्या कुणाबरोबर जा. काउंटरजवळ बसा, कोपऱ्यात नको, कारण चांगल्या बारटेंडरची नजर हे मोठं संरक्षण असतं. ग्लास सोडून उठू नका. उठलात तर परत येऊन नवा घ्या. कुणी पाजायला आलं तर ते बारटेंडरच्या हातून थेट आपल्या हातात यायला हवं. कुणी चिकटलं तर बिनदिक्कत काउंटरवर सांगा. ही शेवटची गोष्ट आपल्या मुलींना जड जाते असंही एकीने सांगितलं, 'उगाच तमाशा नको' म्हणून. तो तमाशा नसतो, ते त्यांचं काम आहे.

दोन बिअरवर गाडी चालवली तर?

नका चालवू. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, यूटामध्ये २०१८च्या अखेरीपासून ०.०५. मर्यादेच्या खाली असूनही चालवणं डगमगलं तर पकडू शकतात. काही राज्यांत सायकल आणि ई-स्कूटरही यात येते.

आपल्यासाठी पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. २०१५पासून अशा अटकेची नोंद झाली की, दोष सिद्ध होण्याआधीच, वकिलात व्हिसा रद्द करू शकते. व्हिसा रद्द होणं आणि इथला विद्यार्थ्याचा दर्जा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण पुढे भारतात जाऊन परत यायला नवा स्टॅम्प लागतो, तेव्हा वैद्यकीय तपासणीपासून सगळं उभं राहतं. असं काही घडलंच तर व्हॉट्सअॅपवरच्या दादांना नव्हे, इमिग्रेशनच्या वकिलाला आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. टॅक्सीचे पंधरावीस डॉलर या सगळ्यापुढे काहीच नाहीत. ग्लास घेऊन रस्त्यावर येऊ नका, तेही बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे.

नावाजलेले असे कुठले आहेत?

पर्ड्यू विद्यापीठात असाल तर हॅरीज चॉकलेट शॉप. १९१९मध्ये सोडा फाउंटन म्हणून सुरू झालं, नाव तेच राहिलं. दरवर्षी कुणीतरी तिथं खरंच चॉकलेट घ्यायला जातं. भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्या आहेत. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाजवळ डिक्सी चिकन, १९७४चं. ऑस्टिनला विद्यापीठाच्या समोरच होल इन द वॉल, तेही १९७४चं, गाण्यांसाठी. आणि सिअॅटलचं ब्लू मून टॅव्हर्न, १९३४चं: तेव्हा विद्यापीठाच्या एका मैलाच्या आत दारू विकायला बंदी होती आणि हे नेमकं त्या मैलाच्या पलीकडे उभं राहिलं. विद्यापीठात शिकवणारे कवी थिओडोर रेथकी तिथं बसायचे.

माझा आवडता यांतला नाही. त्याचं नाव सांगणार नाही, आधीच शुक्रवारी स्टूल मिळत नाही.

किती वाजता बंद होतं?

बऱ्याच राज्यांत रात्री दोन, न्यूयॉर्क शहरात चार. त्याआधी 'लास्ट कॉल', म्हणजे शेवटची ऑर्डर द्या, असं ओरडतात, मग दिवे लागतात. पूर्ण उजेडात ती जमीन आणि आपले चेहरे दिसले की कुणालाच थांबावंसं वाटत नाही. टॅब बंद करा, कार्ड घेतलं का बघा, जॅकेट खुंटीवर राहिलं का बघा.

आई-बाबा कॉन्व्होकेशनला आलेत. त्यांना न्यावं का?

मी नेलं. दुपारी चारला, गर्दी नसताना. आईने बसण्याआधी रुमालाने स्टूल पुसलं. बाबा अर्धी पीबीआर घेऊन टोकाच्या म्हाताऱ्याशी तासभर बोलत बसले. तो म्हातारा रेल्वेतून निवृत्त, बाबाही रेल्वेतून. कोण काय बोललं ते दोघांनाही निम्मंच कळलं असावं. निघताना आईने मला बाजूला घेऊन विचारलं, इथं तुला सगळे नावाने कसे ओळखतात?